मालक घरी आहेत का?

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी कबुली देतो, मग शिव्या दे. तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर लिहायला चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो. एकदा शाई संपली म्हणून, एकदा शाई आणायला गेलो तिथे एक रंगारी भेटला म्हणून. त्याच्याबरोबर महिनाभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग एका पाटीवर वाघ काढायचा होता, त्याचं मांजर झालं, आणि मी पुन्हा मोकळा झालो.

सध्या पीक मोजणाऱ्या एका साहेबांच्या हाताखाली आहे. रानात चौकोन आखायचा, तेवढ्यातलं पीक कापून तोलायचं. टेपचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं माझ्या. चिखल नेहमी माझ्याच टोकाला असतो. साहेबांची टोपी एका बकरीने खाल्ली ती गोष्ट सांगायची होती, पण ती दोन पानांची आहे.

सांगायचं ते वेगळंच. साहेब म्हणतात, तेवढ्याच जमिनीत बायकांच्या रानात पुरुषांपेक्षा पाव हिश्शाने पीक कमी येतं. का, तर बायकांना अनुभव कमी, असं त्यांनी अहवालात लिहिलंय. हे ऐकलं आणि खिशातलं दादाचं पत्र टोचायला लागलं. वडिलांनी कालव्याजवळचे दोन तुकडे आम्हा दोघा भावांच्या नावावर केले. माझा तुकडा तू सासर सोडून आल्यापासून सहा वर्षं कसतेस. तो आता दादाला हवाय, आणि त्याने त्याचा कागद सहीसाठी पाठवलाय. दादा म्हणतो, माती एक, पाणी एक, मधे फक्त बांध. तरी त्याच्याकडे मका वीस पोती आणि तुझ्याकडे पंधरा. तिच्या हातून पिकत नाही, घरात बसून दोन घास खाऊ दे.

सही अजून केलेली नाही. पण ताई, खरंच पिकत नाही का गं?

लोभ असावा, आणि हातातलं खुरपं खाली ठेवून मगच उत्तर लिहावं.

तुझा,
भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शेतकरीसाहेब, आपलं कृपापत्र पावलं. आपल्या रानात पीक कमी का, ही चौकशी मालकांनी सहा वर्षांनी केली. डोळे भरून आले.

आता अनुभव ऐक. गावात ट्रॅक्टर एकच. मी निरोप धाडते, ड्रायव्हर दारात येतो, मला समोर बघतो आणि विचारतो, मालक घरी आहेत का. मी म्हणते, मालक वाघाची मांजरं करायला गेलेत. मग तो बघू म्हणतो आणि जातो. त्याचं बघू पंधरा दिवसांचं असतं. तोवर दादाचा मका वीतभर वर आलेला असतो आणि माझं बी आत्ता कुठे मातीत पडतं. चांगलं बियाणं मालकाच्या सहीवर मिळतं, म्हणून मी गेल्या वर्षीच्या कणसातलंच पेरते. खतवाल्याची सभा चहाच्या टपरीवर भरते, पुरुषांच्या बाकावर. तिथे काय सांगितलं ते मला दादाकडून कळतं, म्हणजे कळत नाही.

आणि खुरपणी. आधी दादाचं रान, मग माझं, हा घरचा नियम. मी आणि वहिनी आठ दिवस त्याचं खुरपतो, दादा बांधावर बसून अनुभव घेतो. मग मी माझ्या रानात येते तेव्हा तणात मका शोधावा लागतो. वहिनीला तिकडे यायची मुभा नाही, तिला दादाचा चहा असतो. त्याच्या वीस पोत्यांतली निम्मी आम्हा दोघींच्या कंबरेतून निघालीत. साहेबांच्या तराजूला हे कळतं का, विचार.

तुकडा गेला तर मी या घरात पाहुणी. दोन घास मिळतील रे, पण ते कोणी वाढले ते रोज ऐकवलं जाईल. सही करायची तर कर, फक्त शाई संपली असं सांगू नकोस.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, लोभाचं तू ठरव.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी आठवड्यात उत्तर लिहितोय, याची कुठेतरी नोंद व्हावी.

मी साहेबांना विचारलं, की बांधावर बसण्याचा अनुभव कुठल्या रकान्यात लिहायचा. ते म्हणाले, टेप नीट धर. मग कपाट झाडायच्या निमित्ताने आपल्या गावाची यादी काढली. काय सापडावं? तुझ्या तुकड्यापुढे शेतकरी म्हणून माझं नाव! अनुभव, दहा वर्षं! मी शेवटचं खुरपं हातात धरलं ते रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला. म्हणजे पीक कमी आलं की हात तुझा, आणि यादी झाली की शेतकरी मी. एवढा हसलो की साहेबांनी बाहेर काढलं. बाहेर गेल्यावर मात्र हसू येईना.

दादाच्या कागदाला ब्रश पुसला. सही नाही असं त्याला कळवलंय. तो उखडेल, आणि मी लांब असल्यामुळे तुझ्यावरच उखडेल, तेवढं माफ कर.

आणखी दोन पत्रं धाडलीत. एक ड्रायव्हरला, की मालक लिहितोय, माझं रान पहिल्या दिवशी नांगरून हवं, नाहीतर येऊन बघतो. येऊन काय बघणार ते मलाही ठाऊक नाही. दुसरं बियाण्याच्या दुकानाला, की ताईला माझ्या सहीवर पिशवी द्यावी. सही तीनदा केली, तिन्ही वेगळ्या आल्या, त्यातली बरी पाठवली.

बकरी पुन्हा राहिली. लोभ वाढावा, तण वाढू नये.

भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

ट्रॅक्टर आला. पहिल्या दिवशी, दादाच्याही आधी. ड्रायव्हर खाली उतरून अदबीने म्हणाला, मालकांचा हुकूम आहे. सहा वर्षं मी त्याला तोंडाने सांगतेय, दोनदा चहा पाजला, एकदा हात जोडले. आणि ज्याला कणीस कुठून फुटतं हे माहीत नाही, त्याच्या दोन ओळींनी काम झालं. आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

बियाणंही मिळालं. दादाने पेरलं त्याच दिवशी पेरलं. आज दोन्हीकडचा मका असा सारखा दिसतो, की बांध नसता तर कुठला कोणाचा ते कळलं नसतं. दादाला तेच सोसेना. त्याने चारचौघांत सांगितलं, यंदा तिचा मका माझ्याबरोबरीने आला तर तुकड्याचं नाव काढणार नाही, कमी आला तर तिने मुकाट सोडायचा. मी हो म्हणाले. मग खुरपणी आली तेव्हा म्हणतो, नेहमीप्रमाणे आधी माझं रान. मी म्हणाले, यंदा नेहमीप्रमाणे नाही. तो नुसता हसला. गावातल्या सगळ्या खुरपणाऱ्या बायका त्याने आधीच सांगून ठेवल्या होत्या. वहिनीलाही बजावलं, की बांध ओलांडायचा नाही.

चार दिवस एकटी खुरपतेय. पाव रानही झालं नाही. मी एक ओळ पुढे सरकते, तण दोन. या आठवड्यात आवरलं नाही तर खतपाणी सगळं तणाच्या घशात, आणि दादा खरा ठरला.

सोबत एक कागद आहे, वकिलाकडून लिहून आणलाय. तुकडा माझ्या नावावर करायचा. तुझे हुकूम गोड आहेत रे, पण शाई तुझी संपते आणि रान माझं पडतं. पुढच्या वेळी ड्रायव्हर दारात येऊन मालक घरी आहेत का विचारेल, तेव्हा मला हो म्हणायचंय. सही त्यातल्या त्यात बरी कर.

बांधावर बसून लिहितेय, पालथ्या पाटीवर कागद ठेवून. लोभाचं आता काय लिहू, तो

थांब. दादाच्या रानातल्या बायका खुरपणं सोडून उभ्या राहिल्यात. वहिनी येतेय. एका हातात चहाची किटली. दादाने लांबून हाक मारली, चहा इकडे म्हणून. तिने किटली बांधावर ठेवली, त्याच्या रानाच्या बाजूला, आणि बांध ओलांडला. खुरपं कमरेलाच आहे. माझ्यासमोर येऊन उभी राहिलीय आणि विचारतेय, कुठली ओळ धरू.

ताई