तांबड्या शाईतला शेरा

२ फेब्रुवारी, सोमवार

एकशे बारा निबंध! विषय मीच दिलेला — ‘घरातली रिकामी जागा’. आता तपासायचेही मीच. आज विभागप्रमुखांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना संगणकाच्या खोलीत बसवून एआय दाखवलं. म्हणे, "घाबरू नका, ते तुमची नोकरी खाणार नाही, फक्त डोकं खाईल!" इतिहासाच्या बाई माझ्या कानात — "अगं, माझ्या डोक्यात खाण्यासारखं उरलंय काय!"

मी माझे जुने शेरे त्याला वाचायला दिले. थेट माझ्यासारखं लिहायला लागलं. माझ्यापेक्षा बरंच, खरं तर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

निबंधाचा फोटो काढायचा, एआयकडून शेरा घ्यायचा आणि तो तांबड्या शाईने स्वतः उतरवायचा. छापील शेरा दिला तर मुलांना वाईट वाटेल ना. पहिले वीसेक निबंध वाचलेही. पुढचे नाही — नुसते शेरे उतरवत गेले. मास्तरीणच कॉपी करतेय!

सासूबाई म्हणाल्या, "या खेपेला जेवताना तुझं तोंड तरी दिसलं गं."

९ फेब्रुवारी

वाटले सगळे निबंध. सुटले.

११ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीपाशी बसणारी ती मुलगी. वर्षभरात हजेरीपलीकडे तिच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता. आज प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात उभी, हातात निबंध. "मॅडम, तुम्ही लिहिलंय ना, कधीही येऊन बोल म्हणून... आले."

मी लिहिलं होतं? तिला खुर्ची दिली. शेरा माझ्या बाजूने उलटा दिसत होता. त्यातला ‘आई’ एवढाच शब्द वाचता आला.

"बस गं. आई कशी आहे आता?"

तिने मान वर केली.

"आई गेली, मॅडम. तेच तर लिहिलं होतं."

मी काहीतरी पुटपुटले — इतके निबंध, गडबड... तिने कागदाची घडी घातली. "मग हे कोणी लिहिलं?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. खरं सांगितलं — शेरा एआयचा, मी नुसता उतरवला. ती "बरं" म्हणाली, उठली आणि खुर्ची नीट जागेवर सरकवून गेली. रागाने आपटली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

ती वर्गात नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. तिची मैत्रीण म्हणाली, "घरीच असते. परीक्षेलाही बसायचं नाही म्हणते." हे माझ्यामुळे?

तिच्या निबंधाचा फोटो फोनमध्येच होता. आज वाचला. आई पलंगाच्या ज्या बाजूला झोपायची तिथे वडील आता इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात. जागा भरलेली दिसावी म्हणून. आणि शेवटच्या पानावर — ‘हे मी पहिल्यांदाच कोणालातरी सांगते आहे.’

कोणाला सांगितलंस, बाळा!

१७ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, "चूक कबूल केलीस ना? मग किती दिवस जिवाला लावून घेशील?" त्याचं बरोबर असेल. पण त्या मुलीला पत्र लिहायला बसले आणि पाच कागद फाडले. बावीस वर्षं लिहायला शिकवते मी! शेवटी एवढंच जमलं — ‘तुझा निबंध काल वाचला. आधीच वाचायला हवा होता. कपड्यांच्या त्या ओळीपाशी थांबले, पुढे जाता येईना. चुकले मी. ये.’ मैत्रिणीच्या हाती पाठवलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आली! तास संपल्यावर टेबलापाशी थांबली. "पत्र मिळालं, मॅडम. राग नाहीये माझा. परीक्षा देते." मग मान खाली घालून — "तो आधीचा शेरा आहे ना, तो मी रोज वाचते. तो ज्याने लिहिला त्याच्याशी मला बोलता येईल का? काय नाव त्याचं?"

लिहून दिलं.