मागच्या अर्ध्या जहाजातला अंधार

भावजी,

भाड्याची खोली बघायला जायच्या आधी जेवायच्या टेबलापाशी या, पडदे ओढा आणि तुम्ही बनवलेल्या त्या छोट्या जहाजाचं बटण दाबा. भंगारात द्यायचं नाव काढू नका.

सकाळी तुम्ही दार आपटून गेलात, तेव्हा मी वरचा डेक हळूच उचलला. लोकांची कानातली यंत्रं रोज दुरुस्त करते, म्हटलं हेही बघू. तुमच्या जोडणीत काही खोट नाही. भिंतींमधून उजेड झिरपू नये म्हणून आतून चंदेरी फॉइल लावलीत ना, तीच एका उघड्या तारेला टेकली होती. मध्ये चिकटपट्टी घातली आणि अंधारात राहिलेलं मागचं अर्धं जहाजही उजळलं!

मग मी आत डोकावले. स्वयंपाकघरात नखाएवढी पातेली काय, जिन्यात कुणाची विसरलेली छत्री काय! डेक बसवल्यावर हे कुणाला दिसणार होतं हो?

तुमच्या दादांना हाक मारली. सकाळी "टेबलावरचा पसारा उचल, नाहीतर तू तरी जा" म्हणणारा हा माणूस गुडघे टेकून एकेका खिडकीतून बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाले, "हे आपल्या धाकट्यानं केलं?"

मी दुपारपाळीला निघाले. ते चुकलो म्हणणार नाहीत, तुम्ही ओळखताच. पण आज ताट मांडीवर घेऊन जेवले, आणि शिडं हलतील म्हणून एवढ्या उकाड्यात मला पंखासुद्धा लावू दिला नाही.

वहिनी