डोळ्यांचा उपचार अर्ध्यावरच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
मानसिक आरोग्य शिबिर,
ता. वसमत, जि. हिंगोली

अर्जदार : तातेराव जळबा, धंदा मेंढपाळ, रा. हट्टा शिवार

विषय : डोळ्यांच्या उपचारासाठी पुन्हा बोलावणे न पाठविणेबाबत.
संदर्भ : नर्सबाईंच्या हस्ते आलेली आपली दुसरी चिठ्ठी.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार मेंढरे राखून पोट भरतो व कोणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या श्रावणात ओढ्याला अचानक पाणी चढले. मेंढरे पलीकडे गेली म्हणून अर्जदारही मुलगा अंगद यास खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला. अर्जदार पलीकडे निघाला, अंगद निघाला नाही. तेव्हापासून अर्जदारास रडू येत नाही की भूक लागत नाही.

आपल्या शिबिरात डॉक्टरबाईंनी अर्जदारास समोर बसवले. तो प्रसंग मनात धरा व माझ्या बोटांमागे नजर फिरवा, म्हणजे दुःख राहील पण त्याची धग उतरेल, असे सांगितले. बोटे डावीकडून उजवीकडे जाऊ लागली. अर्जदार मनाने ओढ्याच्या मधोमध पोचला, तोच बाहेर एसटी लागली आणि अर्जदार उठला. "अर्धंच झालंय, पुढच्या मंगळवारी नक्की या," असे बाईंनी बजावले.

अर्जदाराची आई पंचफुलाबाई हे दारातून पाहत होती. तोंडापुढून हात फिरला म्हणजे दृष्ट काढली, अशी तिची बालंबाल खात्री झाली. तिने अर्जदारास मागे वळून पाहू दिले नाही, गाडीत कोणाशी बोलू दिले नाही. मंगळवार आला तशी म्हणाली, "एकदा उतरून टाकलं, आता पुन्हा काहून जातूस? परत लागंल." दृष्ट लागण्याचा यात संबंध नाही हे अर्जदारास कळत होते. तरी ऐकले, कारण ते सोयीचे होते.

सोयीचे अशासाठी की, अर्जदार अजून ओढ्याच्या मधोमधच आहे. डोळे मिटले की पाणी कमरेला लागते आणि अंगद खांद्यावर केस धरून बसलेला असतो. पुढचे काही होत नाही. बाईंनी उरलेला उपचार केला तर पुढचेही होईल. म्हणून बोलावू नये.

तथापि एक बाब लपवणे बरे नव्हे. धाकटी लेक शिवकन्या रोज म्हणे, "बापू, मला बी घ्या की खांद्यावर." अर्जदार म्हणे, "जागा न्हाई." परवापासून तिने विचारणे सोडले. अर्जदारास त्याचे काहीच वाटले नाही. काहीच वाटले नाही, याची मात्र भीती वाटली.

सबब नम्र विनंती की, हा अर्ज नामंजूर करावा. अर्जदार आपल्या पायांनी येणार नाही आणि आई येऊ देणार नाही. तरी येत्या मंगळवारी शिबिराची गाडी दारापर्यंत पाठवून, अर्जदार नको म्हणाला तरी त्यास बसवून न्यावे. अंगदला खांद्यावरून उतरवायचे आहे, आणि ते अर्जदाराच्या एकट्याच्या हातून होत नाही.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
(सही) तातेराव जळबा
हट्टा, दि. ७ डिसेंबर २००७