वेताळाची पावलं

मोखाडा,
१० जानेवारी १९९९

चि. सुदर्शन यास उमेशदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. जेनेटिक अल्गोरिदम का काय, त्यातली तुझी रीत परदेशातले शास्त्रज्ञ वापरतात, असं खाली छापलंय. तात्यांनी ते पान ‘माझा धाकटा’ म्हणत बाजारात दाखवून दाखवून पार चुरगळून टाकलं. मला साखरशेतच्या शाळेत आता कुणी उमेश मास्तर म्हणत नाही, शास्त्रज्ञाचे भाऊ म्हणतात. तुला पाढे मी शिकवले, हे मात्र कुठंच छापलेलं नाही.

पोटात दुखतंय म्हण हवं तर. दुखतंयच. तुझी वहिनी रोज ओवा देते आणि वर हसते.

आता मुद्द्याचं. होळीनंतर बोहाडा आहे, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतील. वेताळाचं सोंग आपल्या घराण्याकडे, आणि कॉलेज सुटल्यापासून तो मुखवटा मी चढवतो, हे तुला ठाऊक आहे. तात्या म्हणतात, घराण्याचं नाव ज्यानं काढलं, यंदा सोंग त्यानंच नाचवावं. तुला वेळ नसेलच. तसं त्यांना कळव म्हणजे झालं.

लोभ आहे, यंदा जरा आंबट आहे एवढंच.

तुझा,
उमेशदादा

बंगलोर,
२४ जानेवारी १९९९

ती. दादास सुदर्शनचा सा. न. वि. वि.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून सांगतो. एखाद्या अवघड प्रश्नाची पुष्कळ कच्ची उत्तरं घ्यायची. त्यातली बऱ्यापैकी दोन निवडून अर्धं याचं, अर्धं त्याचं जोडायचं, की नवं उत्तर जन्मतं. असं पिढ्यानपिढ्या चालवायचं. लोक फक्त अव्वल उत्तरंच राखायचे, मग सारी एकसारखी होऊन गाडं अडायचं. मागे पडलेली थोडी राखली तर पुढे तीच कामी येतात, एवढं मी दाखवलं. आमच्यात माणसाची किंमत त्याच्या लेखाचा संदर्भ किती जण देतात यावर ठरते. सध्या माझा भाव चढा आहे. शेजारच्या खोलीतल्याचा आणखी चढा आहे, म्हणून मलाही ओवा लागतो.

पण वेळ नाही असं मी तात्यांना कळवणार नाही. लहानपणी ते मुखवटा तुझ्या डोक्यावर ठेवून बघायचे आणि मला म्हणायचे, तू अभ्यासाला बस. मी बसलो तो बसलोच. तेव्हापासून मी तुझ्यावर जळतो आहे. एकदा तरी मला वेताळ व्हायचंय.

वहिनींना नमस्कार. राग काढून टाकावा, लोभ ठेवावा.

तुझा,
सुदर्शन

मोखाडा,
२ फेब्रुवारी १९९९

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

म्हणजे मागे पडलेलं, राखून ठेवलेलं उत्तर मी. समजलो.

ये. मुखवट्यातून दिसायला नाकपुडीएवढं भोक आहे, वजन मानेवर येतं, आणि पावलं संबळावर पडावी लागतात, पुस्तकावर नाही. तालीम करायची तर आठवडाभर आधी यावं लागेल. मी शिकवीनच असं नाही.

लोभाचं पुढे बघू.

उमेश

मोखाडा,
२० मार्च १९९९

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठवडा राहिला बाजूला, तू सोंग निघायच्या घटकाभर आधी आलास, मुखवटा चढवून नाचलास आणि सभा आहे म्हणून पहिल्या गाडीनं गेलास. तू येऊन गेलास हे आपलं घर सोडून कुणालाच कळलं नाही. वेताळ म्हटलं की उमेश, हे गावाला पाठ आहे. त्याचा परिणाम ऐक.

सकाळी संबळवाल्या तुकानं मला चहाच्या टपरीवर गाठलं. औंदा मास्तरांचं पाय ठिकाणावर नव्हतं, संबळ एकीकडं नि वेताळ भलतीकडं, असं चारचौघांत म्हणाला. गौरामावशीनं गुडघ्याला लावायला तेल पाठवलं. हेडमास्तरांनी बाजूला घेऊन दारूचे दुष्परिणाम समजावले. मला! चहापलीकडे कधी न गेलेल्या माणसाला!

तो आमचा शास्त्रज्ञ होता, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. इतके दिवस जळतोय, बदला आयता हातात आला होता. पण सांगवेना. खरं सांगू? मला आनंद होत होता. इतकी वर्षं नाचलो, कुणी बरं म्हणालं नाही की वाईट म्हणालं नाही. मला वाटायचं, लोक मुखवटा बघतात, माझी पावलं कोण बघतोय. तू ती बिघडवलीस तेव्हा कळलं, सगळं गाव बघत होतं.

पुढच्या साली सोंग मीच नाचवायचं, असं तात्या म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

तुझा नाच राहू दे माझ्या नावावर. लोभ पूर्वीइतका करून ठेवला आहे, जपून वापर.

तुझा,
उमेशदादा

बंगलोर,
३१ मार्च १९९९

ती. दादास सा. न. वि. वि.

मान अजून वळत नाही. तुझं पत्र वाचून खूप हसलो, आणि मग पुन्हा हेवा वाटला. उद्या माझी रीत चुकीची निघाली, तर लोक माझा संदर्भ द्यायचं थांबवतील, बस्स. तेल कुणी पाठवणार नाही.

एक मागणं आहे. तुकाला, गौरामावशीला, हेडमास्तरांना सांगून टाक की तो वेताळ मी होतो. हसू देत. मोखाड्यात माझं म्हणून एक वर्तमानपत्राचं पान होतं, ते तात्यांनी चुरगळलं. ती वाकडी पावलं माझी आहेत, दादा. ती मला परत दे.

लोभ तुझ्याकडेच असू दे.

तुझा,
सुदर्शन