औषधखातं माझ्याकडे

३ डिसेंबर, सकाळ
आजपासून घरातलं औषधखातं माझ्याकडे. बुरुलला विसरायला होतं. काल बीपीची गोळी घेतली की नाही, यावर ती जेवण होईपर्यंत विचार करत होती, आणि शेवटी माझ्यावरच ओरडली. मी म्हटलं, बायको, जन्मभर सरकारी पशुवैद्य होतो, या तळ्याकाठच्या सगळ्या मेंढ्यांना औषध पाजलं, एकीची तक्रार नाही. ती म्हणाली, त्यांना बोलता येत नव्हतं.
दुर्लक्ष केलं.

संध्याकाळ
सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवल्या. खोकी फेकली. खोकी म्हणजे नुसता पसारा. चहाच्या लाल वाडग्यात तिच्या गोळ्या, निळ्या वाडग्यात माझ्या. सिस्टीम तयार.
बिश्केकहून आयसाल्किनचा फोन. पोरगी हुशार आहे, पण आईवर गेलीय. म्हणाली, बाबा, खोक्यांशिवाय कुठली गोळी कसली ते ओळखणार कसं? म्हटलं, डोक्यात आहे सगळं. त्यावर ती काही बोललीच नाही. नेटवर्क खराब असावं.

७ डिसेंबर
काराकोलमध्ये रस्त्यांची काच झालीय. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही, माझे दोन्ही गुडघे संपावर. डॉक्टर झिपारांनी बजावलंय, बर्फ वितळेपर्यंत जिना उतरायचा नाही. नजरकैद म्हणतात ती हीच. दोन खोल्या, बुरुल, बुरुलचं मांजर, आणि मी. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा दिवसभर खिडकीत बसून माझ्याकडे बघतो. त्याला दुसरा उद्योग नाही. मी दिवसभर पाहिलंय.

९ डिसेंबर
किरकोळ अपघात. मांजराने टेबलावर उडी मारली, दोन्ही वाडगे गालिच्यावर. गुलाबी तिच्या, पिवळ्या माझ्या, हे सोपं. पांढऱ्या गोल मात्र दोन जातींच्या निघाल्या, तिची सकाळची बीपीची आणि माझी रात्रीची झोपेची. एकीवर बारीक रेघ आहे. चष्मा सापडेना, म्हणून अंगठ्याने चाचपून वेगळ्या केल्या. हाताला अनुभव असतो.
बुरुलने विचारलं, खाली काय करतोयस म्हाताऱ्या? म्हटलं, व्यायाम.

१२ डिसेंबर
पद्धत यशस्वी! बुरुल शांत झालीय. सकाळी चहा आणि गोळ्या झाल्या की सोफ्यावर बसते ती बसतेच. टोमणे बंद. आज तिला मेंढ्यांच्या खुरांच्या साथीची हकिकत पहिल्यापासून सांगितली, एकदाही मध्ये बोलली नाही. बीपी ताब्यात आलं की स्वभावही ताब्यात येतो, हे डॉक्टरांना सांगायला हवं. त्यांना उपयोग होईल.
माझी झोप मात्र उडालीय. थंडीचा परिणाम.

१५ डिसेंबर
उभं राहिलं की खोली फिरते. या इमारतीचा पाया खचतोय. नगरपालिकेला कळवणार.
तिसऱ्या मजल्यावरची झिनाइदा दूध द्यायला आली. म्हणाली, बुरुल अशी का बसलीय? म्हटलं, विश्रांती घेतेय. म्हणे, तोंड उघडं टाकून? झुमाकादिर, डॉक्टरला फोन कर. झिनाइदाला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवय आहे. उद्या बघू.

१६ डिसेंबर
फोन राहिला. पाय खचण्याचा, म्हणजे पायाच्या खचण्याचा, विचार करत होतो.

१७ डिसेंबर
बुरुल पिठाचे बोरसोक तळायला उठली. बरं वाटलं. मग धुराचा वास आला. ती शेगडीजवळ खाली पडली होती, वर कढईतलं तेल धुमसत होतं. शेगडी बंद केली. हाका मारल्या. ऊठ गं, ऊठ. डोळे उघडले, पण मला ओळखल्यासारखं वाटलं नाही. उचलायला गेलो तर मीच तिच्याशेजारी बसलो. काठीने जमीन ठोकत राहिलो, तेव्हा खालून झिनाइदा आली.
ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला घोंगडीत घालून खाली नेलं. मी दारात उभा होतो. चला, असं कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी जिना होताच.

१८ डिसेंबर
डॉक्टर झिपारांचा फोन. बुरुल सकाळी काय काय घेते? म्हटलं, एक गुलाबी, एक पांढरी. कुठली पांढरी? सांगता येईना. खोकं बघून सांगा म्हणाल्या. खोकी फेकल्याचं सांगितलं. मग त्याही गप्प झाल्या. नेटवर्क उत्तम होतं.
दोन्ही वाडगे झिनाइदाबरोबर पाठवले.

दुपार
पांढऱ्यांची अदलाबदल झाली होती. बुरुलला रोज सकाळी माझी झोपेची गोळी. मला रात्री तिची बीपीची, माझी स्वतःची सकाळी असतेच, तिच्यावर आणखी. इमारतीचा पाया ठीक असावा.
बुरुलचं मनगट मोडलंय, बीपी भलतंच चढलंय, पण जिवावरचं टळलं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कितीदा पडलात? म्हटलं, एकदाही नाही. सोफ्यावर पडलेलं मी धरत नाही.

१९ डिसेंबर
तिला भेटायला जायचं ठरवलं. दाढी केली, काल्पक टोपी घातली, कुणाला सांगितलं नाही. एक मजला रुबाबात उतरलो. त्याच्या खाली पायांनी नकार दिला. खाली जाता येईना, वर येता येईना. पायरीवर बसलो. लोकांच्या दारांमागून जेवणाचे वास येत होते. हाक मारायची लाज वाटली.
हॉस्पिटलातून परत येणाऱ्या झिनाइदाला सापडलो. इथे काय करतोयस? म्हटलं, हवा खातोय. ती शेजारी बसली. म्हणाली, शुद्धीवर आल्यापासून बुरुल एकच विचारतेय, म्हातारा जेवला का.
मी म्हटलं, जेवलो म्हणून सांग. मग रडलो. फार नाही.

२४ डिसेंबर
बुरुल घरी आली, हात प्लास्टरमध्ये. बरोबर आयसाल्किन, आणि वारांचे कप्पे असलेला नवा डबा. डॉक्टरांनी माझ्या दोन गोळ्या बंदच केल्या. कप्पे आयसाल्किनने भरले, औषधांची खोकी जपून कपाटात ठेवली. देखरेखीचं काम मी बघतो, असं सुचवलं. दोघी चहा पीत राहिल्या.
मग बुरुल म्हणाली, मला झोपवून मेंढ्यांच्या खुरांची हकिकत सांगत होतास ना? म्हटलं, तुला ऐकू येत होतं? म्हणाली, सगळं. पण उठून जाता येत नव्हतं.

२७ डिसेंबर
कपाटाला कुलूप. किल्ली बुरुलच्या गळ्यात.
गुडघे ठणकत होते, गोळी मागितली. म्हणाली, नाव सांग. दुखण्याची, म्हटलं. ते नाव नाही म्हणाली. नाव तिनेच सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. पुन्हा वदवून घेतलं. मी म्हटलं, आता दे. तिने घड्याळ पाहिलं. म्हणाली, पोटात काही नाही तुझ्या, चहा झाल्यावर माग.
चहा झाल्यावर मागितली.