मारोतीभाऊंचं चाक
मंगळवार, ६ नोव्हेंबर २००१. गडचिरोली.

माझ्या गॅरेजात धानोऱ्याच्या मारोतीभाऊंच्या मोटारसायकलच्या अलॉय चाकावर पाना वाजवला. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला. आत तडा. "तुमच्या कानाले मानलं, अब्दुलभाऊ! बाईले मागं बसवून रोज हिंडून राह्यलो ना मी!"

गाडी मीच त्यांना विकलेली. कागदावर नाव अजून माझंच. इथं बदलतो कोण? म्हणून कंपनीचं पत्र उन्हाळ्यात मलाच आलं. इंग्रजी बघून जाहिरात समजलो, ड्रॉवरमध्ये टाकलं. आज तडा कळल्यावर आठवलं, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. कंपनीनं लिहिलं होतं, ही चाकं तडकतात, फुकट बदलून देऊ.

भाऊंना एवढंच म्हटलं, "चाक फुकट बदलून देतो."

त्यांनी हात जोडले. "देवमाणूस आहा तुमी!"

तो बद्द आवाज ऐकला, तसं हेही ऐकून घेतलं. पत्राचं बोललो नाही.