कस्तुराचं नाक

४ नोव्हेंबर

जिवंत बाईचा फोटो हाराखाली टांगत नाहीत म्हणे! म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. जोडीची तसबीर करायची ठरली. त्याच्या शेजारी कोण? तर कस्तुरा — त्याची पहिली बायको, माझी थोरली बहीण. प्रेमराजला आठ महिन्यांचा टाकून गेली. पंधराव्या वर्षी मला तिच्या जागी उभं केलं. त्याचं हागणंमुतणं, गोवर, शाळा, लग्न — सगळं मीच काढलं. साठीला आला तरी मला मावशीच म्हणतो. एकदा म्हटलं होतं, आई म्हण रे. तर म्हणाला, आई असती तर तिनं मारलं नसतं.

मी मारलं खरं. आईही मारतेच.

कस्तुराचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा पाहिलेली आता मी एकटीच. म्हणून मला विचारणं!

५ नोव्हेंबर

चित्र हेमांगी काढणार. प्रेमराजची पोरगी. धुळ्याला शिकून आली, इथे भडगावात पोरांच्या मोटारसायकलींवर वाघ फवारते. हातात पेनासारखी पिचकारी, तिला नळी, खाली कॉम्प्रेसर — गिरणीसारखा घरघरतो. शाई पाण्यासारखी पातळ. एक थर मारायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा. थरावर थर चढले की गाल भरतो. मग जिथे उजेड हवा तिथे खोडरबर घासून खालचा पांढरा कागद वर आणायचा.

मी म्हटलं, आधी काळं फासायचं, मग धुवायचं — आपल्या घराण्याचंच काम. हसली.

७ नोव्हेंबर

म्हातारा दोन दिवसांत काढून झाला. आधार कार्डावरून. जिवंतपणी एवढा मवाळ कधी दिसला नाही.

८ नोव्हेंबर

प्रेमराजनं माझ्या गळ्यातला, बाईचं तोंड उठवलेला चांदीचा टाक मागितला. मेलेली सवत छळू नये म्हणून दुसरेपणाच्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, अशी आमच्यात रीत. म्हातारा गेला तेव्हा मंगळसूत्र उतरवलं. ही सवत उतरली नाही.

म्हणाला, यावरून नाक-डोळे काढता येतील. मी म्हटलं, अरे शहाण्या, सोनारानं एकच ठसा साऱ्या गावच्या सवतींना मारलाय.

९ नोव्हेंबर

नाक अडलं.

सरळ सांगितलं. हेमांगीनं फवारलं. बघितलं — ही नव्हे. बसकं कर म्हटलं. तिनं खोडलं, पुन्हा थर दिला. ही पण नव्हे.

इथे खरं लिहिते. मला कस्तुराचा चेहरा आठवतच नाही. टाचेच्या भेगा आठवतात. भाकरी थापताना हलणारी पाठ आठवते. माझ्या पाठीत घातलेली चापट आठवते. तोंडाच्या जागी काही नाही.

हे प्रेमराजला कोण सांगणार?

११ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा खोडलं. हेमांगीनं कागदावरून बोट फिरवून मला दाखवलं. "आजी, लव उठली बघ. आता खोडलं तर कागद शाई पिईल, काळा डाग पडेल. तो निघायचा नाही. आता सांगशील ते शेवटचं."

मग मी सांगितलं. कपाळ रुंद. नाक सरळ, शेंड्याला जरा उचललेलं. डावी भुवई वर. खालचा ओठ जाड.

माझं. विसाव्या वर्षीचं. आता दात नाहीत, गाल आत गेले. कोण ओळखणार?

हेमांगीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. कॉम्प्रेसर चालू केला.

१२ नोव्हेंबर

कस्तुराचं वाईट केलं का? केलं. तिनं माझं काय बरं केलं! ती मेली नसती तर मी सातवी झाले असते.

१५ नोव्हेंबर

चित्र काचेत बसून आलं. प्रेमराज खुर्ची ओढून समोर बसला. चहा निवला. डोळे पुसले, मग म्हणाला, "मावशी, मन्ही माय इतली देखणी व्हती!"

मी म्हटलं, होती.

माझ्या तोंडाकडे नीट बघितलं त्यानं — इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल. "तू तिनी सख्खी बहीण. पण तुन्हामा तिनं काहीच नही."

नाहीच म्हटलं. हेमांगी कप उचलून आत निघून गेली.

२० नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं. प्रेमराजनं शेवंतीचा हार घातला. माझ्या तोंडाला हार, आणि मी खाली पंगतीत वरण वाढते आहे. अपशकुन असतो म्हणे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अपशकुन माझं काय वाकडं करणार!

सुनंदाबाई शेजारीण म्हणाली, पहिली ती पहिलीच. दुसऱ्यांदा भात आला तेव्हा तिला तूप वाढलं नाही.

२२ नोव्हेंबर

प्रेमराज चाळीसगावला निघाला. तसबिरीपुढे हात जोडून निरोप घेतला, "माय, येस मी."

मी त्याच्या मागे दारात होते. म्हटलं, "ये."